अठ्ठेचाळीसपैकी एकतीस

शैलजा निकमला शेवटचं दिसलं ते गॅसवरचं दुधाचं पातेलं. दूध वर येत होतं. तिने बटण बंद केलं आणि मान वळवली, तरी पातेलं समोरच. भिंतीकडे पाहिलं तर भिंतीवर पातेलं, दाराकडे पाहिलं तर दारात पातेलं. दूध काठाशी येऊन थांबलेलं, फेसाचा एक बुडबुडाही हलत नव्हता. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांमागेही पातेलं होतंच. सात-आठ मिनिटं ते तसंच राहिलं आणि मग सगळा काळोख झाला.

काय झालं ते तिला लगेच कळलं. अर्ध्या तासापूर्वी तिनेच "हो" म्हटलं होतं.

पंधरा दिवस घरचा संगणक मागे लागला होता. चष्म्यातून बघताना रोज सकाळी वरच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी यायची: नवी आवृत्ती तयार आहे. मुलगा पराग मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. त्याने बजावलं होतं, "आई, त्याला हात लावू नकोस. मी ऑक्टोबरात येतोय, मी करीन." पण त्या पट्टीमुळे गॅलरीतून किल्ल्याचा माथा दिसायचा नाही. आज कंटाळून ती हो म्हणाली.

शैलजाचे डोळे चाळिशीत गेले होते. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, आणि पंचेचाळिशीला सगळंच गेलं. या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. पण त्यांच्यामागची, मेंदूकडे जाणारी नस जिवंत राहते. पाच वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या दोन्ही पडद्यांवर नखाहून लहान, तीन हजार टोकांची एकेक पातळ चकती बसवली. चष्म्यातला कॅमेरा बघणार आणि चकतीची टोकं नसेला बारीक बारीक चिमटे काढणार. ऐकायला हे सोपं वाटतं. अडचण अशी की कोणत्या टोकाने किती चिमटा काढला म्हणजे या बाईच्या मेंदूला 'पेल्याचा काठ' दिसेल, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. प्रत्येक नसेची बोली निराळी. ती शिकावी लागते, आणि ती शिकतो घरचा संगणक. शैलजा म्हणायची, "हा पेला." संगणक स्वतःची चूक सुधारायचा. तिचा मेंदूही आपल्या बाजूने थोडा सरकायचा. पहिले सहा महिने नुसत्या ठिणग्या. दाराची चौकट दिसायला वर्ष लागलं आणि माणसाचा चेहरा दिसायला दोन. दोघांनी मिळून शिकलेल्या या बोलीला कंपनी 'नकाशा' म्हणायची. तो इतका मोठा होता की चष्म्यात मावत नसे. टेबलाखालच्या संगणकात राहायचा. बाहेर जाताना खिशात ठेवायची डबी त्यातूनच रोज सकाळी त्या दिवसापुरता भाग घ्यायची.

तिने चाचपडत ती डबी शोधली. डबी बोलली, "घरच्या संगणकाची वाट पाहत आहे."

आंधळेपणाची सवय लागते, तशी ती सुटतेही. पूर्वी शैलजा या घरात वाऱ्यासारखी फिरायची. आज तीन पावलांत तिची नडगी स्टुलावर आपटली. पांढरी काठी तिने तिसऱ्या वर्षी कुणाला तरी देऊन टाकली होती.

टेबलाशी बसून तिने फोन स्क्रीनसमोर धरला. "काय लिहिलंय ते वाच."

फोन गोड आवाजात म्हणाला, "अपग्रेड अपूर्ण राहिलं आहे. नव्याने सुरुवात करणं उत्तम. काळजीचं कारण नाही."

"सारांश नको. जसंच्या तसं वाच."

फोनने काही इंग्रजी शब्द वाचले, मध्येच अडखळला. "खालचा मजकूर अस्पष्ट आहे. हात स्थिर ठेवा." हात स्थिर राहत नव्हता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने वेगळाच सारांश सांगितला.

मग तिने कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलायला आली.

"घाबरू नका मॅडम. मशीन बंद करून पुन्हा चालू करा आणि 'नव्याने सुरुवात' निवडा."

"आणि माझा नकाशा?"

"नवा आपोआप तयार होतो, मॅडम. बरेच ग्राहक नव्वद दिवसांत समाधानकारक पातळी गाठतात."

"माझं वय बासष्ट आहे. मला चेहरा दिसायला दोन वर्षं लागली होती."

"बरेच ग्राहक, मॅडम."

शैलजाने बावीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. समोरचं माणूस कागदावरचं वाचतंय की मनातलं बोलतंय, हे तिला श्वासावरून कळायचं. ती म्हणाली, "बाळ, पुढ्यातलं राहू दे बाजूला. मी मशीन बंद केलं तर माझा जुना नकाशा राहील का?"

मुलीचा आवाज खाली आला. "सांगता येत नाही. तो अर्धाच हलवला गेला असेल, तर उरलेला आत्ता फक्त चालू मेमरीत असेल. वीज गेली की तो जाईल. मशीन बंद करू नका. कोणाकडून तरी स्क्रीनवरचं अक्षरन् अक्षर वाचून घ्या, तळाची बारीक अक्षरंसुद्धा. मग निवडा."

आज मंगळवार. दुरुस्तीसाठी एक वाजता वीज जाणार, असा निरोप कालच सोसायटीत आला होता. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती, जेमतेम वीस मिनिटं टिकायची. शैलजाने फोनला वेळ विचारली. बारा वाजून पाच मिनिटं.

दुपारच्या या वेळेला मजल्यावर दुसरं एकच माणूस असायचं. समोरच्या दारातून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

कुंदा शेटे, गेल्या तीस वर्षांपासूनची शेजारीण. ब्लाऊज शिवायची. शैलजाच्या काळोखाच्या वर्षांत कुंदाच तिचे डोळे होती. साडीचा रंग कोणता, भाजी ताजी आहे का, आरशात आपण कशा दिसतो, सगळं कुंदा सांगायची. सहा वर्षांपूर्वी शैलजाचे यजमान सदानंद यकृताच्या दुखण्याने खंगत गेले, तेव्हा ती रोज दुपारी येऊन बसायची. "आज तकाकी आहे चेहऱ्यावर," म्हणायची. "कालच्यापेक्षा बरे दिसतायत." शैलजाच्या हाताला हाडं लागत होती. पण कुंदा म्हणायची, "चेहरा भरलाय गं," आणि शैलजा तेच संध्याकाळी परागला सांगायची. जहाजावरून उतरायचं तर दोन-तीन आठवडे आधी कळवावं लागतं. पराग पोचला तो अकराव्याच्या दिवशी.

सदानंद पुण्याच्या डॉक्टरांसाठी दर रविवारी गॅलरीत उभे राहून स्वतःचं थ्रीडी चित्रीकरण करत. अशी बावीस चित्रीकरणं संगणकात होती. नवी नजर आल्यावर, चेहरे दिसू लागल्यावर, शैलजाने ती पाहिली. पिवळे डोळे, आत गेलेल्या कानशिलांच्या खोबणी, फुगलेलं पोट. ती तशीच समोरच्या घरात गेली आणि म्हणाली, "तुला दिसत नव्हतं?" कुंदाने मशीनवरचा पाय थांबवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर जिन्यात भेटल्या तरी दोघी भिंतीकडे बघत.

बावीस वर्षं आवाज ओळखण्यात गेली आणि त्या एका आवाजातलं खोटं आपल्याला ओळखू आलं नाही, हे शैलजाला सगळ्यात जास्त लागलं होतं.

तिने भिंतीला हात लावत मजला ओलांडला आणि दार वाजवलं. शिलाई थांबली.

"कुंदाताई, तुम्हाला जरा वेळ आहे का?"

तीस वर्षांत तिने कुंदाला कधी ताई म्हटलं नव्हतं, तुम्ही तर नाहीच. शैलजाची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे लागलीय, हे कुंदाच्या लक्षात आलं असावं.

"दिसत नाहीय?" तिने विचारलं.

"नाही. स्क्रीनवरचं वाचून हवंय. अक्षरन् अक्षर. एकही शब्द गाळायचा नाही, चांगला असो की वाईट."

"माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं आहे."

"अक्षरं सांगा, पुरे."

कुंदाने तिचा हात धरून आपल्या कोपरावर ठेवला, पूर्वी ठेवायची तसा, आणि दोघी आल्या. खुर्ची सरकली. कुंदाने चष्मा पुसला असावा. कापडाचा आवाज आला. मग ती वाचू लागली. येत होते ते शब्द वाचले, नव्हते त्यांची अक्षरं सांगितली. शैलजा जुळवत गेली. अपग्रेड थांबलं. जागा अपुरी. नकाशाचे अठ्ठेचाळीसपैकी एकतीस भाग हलवले. मशीन बंद करू नका. मग तीन पर्याय: पुढे चला, मागे जा, नव्याने सुरुवात करा.

"तळाला काही आहे?"

"आहे. राखाडी, मुंगीएवढं." कुंदा पुढे वाकली. तिथं लिहिलं होतं की नव्याने सुरुवात केल्यास जुना नकाशा कायमचा पुसला जाईल.

काळजीचं कारण नाही, असं म्हणाला होता फोन.

"मागे जा," शैलजा म्हणाली.

कुंदाने कळ दाबली. पंखा घरघरला. थोड्या वेळाने कुंदा म्हणाली, "पुन्हा तेच. जागा अपुरी. मागे जायला एकशे साठ जीबी लागेल, रिकामी चार आहे. मोठी फोल्डरं दाखवतंय, पुसायची असतील तर. पहिलं नकाशाचं, त्याला हात लावता येत नाही. दुसरं..." ती थांबली.

"काय झालं?"

"दुसरं 'सदानंद रविवार'. एकशे एकसष्ट जीबी. बाकीची सगळी किरकोळ आहेत. सगळी मिळून वीससुद्धा होत नाहीत."

शैलजाने टेबलाची कड धरली. सदानंदचा म्हातारपणीचा चेहरा तिने फक्त तिथं पाहिला होता. तिच्या आठवणीतला नवरा चाळिशीचा होता, काळ्या मिशांचा. बावीस रविवारांतला तो पिवळा, सुकलेला माणूसच तिला नव्या डोळ्यांनी भेटलेला एकमेव सदानंद होता. महिन्यातून एकदा तरी ती त्याला बघायची.

"दुसरीकडे हलवता येणार नाही?"

"'हलवा' असं आहे खाली. पण रिकामी डिस्क जोडा म्हणतंय. तुझ्याकडे आहे?"

नव्हती. पराग दरवेळी घे म्हणायचा, आणि घरातलं सगळं कंपनीच्या साठ्यात ठेवायला तिनेच नकार दिला होता. आपण काय काय बघतो ते लोकांना कशाला.

"मग परागकडे असतील ना हे रविवार?" कुंदाने विचारलं.

"नाहीत."

"एकही नाही?"

"मी त्याला दाखवलेच नाहीत." शैलजा म्हणाली. "बाबांना असं बघितलं असतं तर त्याने जन्मभर स्वतःला दोष दिला असता, आपण का आलो नाही म्हणून. म्हणून मी बोललेच नाही."

यावर कुंदाने बोलावं असं शैलजाला वाटत होतं; एखादा टोमणा तरी. पण कुंदा उठली आणि म्हणाली, "भरतकामाच्या डिझाईनचा पेनड्राइव्ह आहे माझ्याकडे. आठ जीबीचा, जुना. थांब."

ती गेली. शैलजा काळोखात बसून राहिली. फोनने सांगितलं, बारा सत्तावन्न. कुंदा परत येऊन खाली वाकली आणि टेबलाखाली ठक्कन आवाज झाला. तेवढ्यात पंखा मंदावला आणि इन्व्हर्टर गुणगुणू लागला. वीज आज आधीच गेली होती.

"एकच मावेल," कुंदा म्हणाली. "नुसत्या तारखा आहेत. कोणता ठेवू? पहिला ठेवते. तेव्हा भाऊजींच्या अंगावर मांस होतं."

"शेवटचा."

"शैला..."

"शेवटचाच ठेव. परागने तो बघायला हवा."

कळ वाजली. एक चित्रीकरण पेनड्राइव्हवर जायला सहा मिनिटं गेली. मग कुंदाने विचारलं, "आता बाकीचे पुसते. 'कायमचे पुसायचे का' असं विचारतंय. हो म्हणू?"

शैलजाने मान हलवली, मग तोंडाने म्हणाली, "हो."

त्याला काही सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग पुन्हा 'मागे जा'. एक पट्टी सरकू लागली होती आणि कुंदा आकडे सांगत होती. चार टक्के. नऊ. इन्व्हर्टरने पहिला इशारा दिला.

गप्प बसवेना म्हणून शैलजाने विचारलं, "ह्यांनी सांगितलं होतं का तुला, तसं बोल म्हणून?"

"नाही. कोणीच नाही सांगितलं." कुंदाचा आवाज कोरडा होता. "बावीस टक्के. तू तोंड माझ्याकडे करून विचारायचीस, कसे दिसतायत गं. माझ्याने सांगवेना. पहिल्या दिवशी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी कालच्याशी जुळेल असं बोलावं लागलं. मग रोजच. अठ्ठावीस. तुझ्या मुलाला उतरायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले मी."

शैलजा तो आवाज ऐकत राहिली. त्यात कुठंही आडोसा नव्हता.

एकेचाळीसवर पट्टी थांबली. कुंदाही थांबली, जरा जास्तच वेळ.

"कुंदा, काय आहे?"

"लाल अक्षरं आलीत."

"वाच."

कुंदाने मोठा श्वास घेतला आणि शब्द शब्द करून वाचलं. चार भाग खराब झाले होते. ते परत मिळणार नाहीत. त्यांना सोडून पुढे जायचं, की थांबायचं?

"कोणते चार, ते लिहिलंय?"

"नाही. नुसते आकडे आहेत. सात, आठ, एकोणीस, वीस. आणि शैला, बॅटरीवर एकच लाल काडी उरलीय."

सात म्हणजे काय, वीस म्हणजे काय, शैलजाला ठाऊक नव्हतं. चेहरे असतील, रंग असतील, अक्षरं असतील. थांबलं तर वीस मिनिटांची वीज संपणार आणि सगळंच जाणार. तिने हात पुढे केला, कुंदाचा हात सापडला, आणि तिने तो कळेवर दाबला.

पट्टी हलली. पन्नास. त्रेसष्ट. इन्व्हर्टर सतत किंचाळू लागला. "ऐंशी," कुंदा म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी," आणि मग तिने आकडे सांगणं सोडून दिलं, नुसता श्वास धरला. शंभर झालं तेव्हाही ती लगेच बोलली नाही. आधी पूर्ण ओळ वाचून झाली, मग म्हणाली, "जुनी आवृत्ती परत आली. नकाशा जतन केला. चार भाग सोडून." खाली आणखी एक ओळ होती आणि तीही तिने वाचली: या आवृत्तीची जबाबदारी कंपनी डिसेंबरपर्यंतच घेईल.

अर्ध्या मिनिटाने इन्व्हर्टर बंद पडला. पण तेवढ्यात खिशातल्या डबीने आजचा वाटा घेतला होता. शैलजाच्या डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या, थरथरल्या आणि एकमेकींना चिकटून खिडकीची चौकट झाल्या. तिने सावकाश मान फिरवली. कपाट आलं. मग कुंदा आली. केस पार पांढरे, गळ्यात मोजपट्टी. तीन वर्षांत भिंतीकडे बघताना हे दिसलंच नव्हतं.

"दिसतंय?" कुंदाने विचारलं.

"दिसतंय. चेहराही दिसतोय तुझा." मग तिने नजर इकडेतिकडे केली. "पण डावीकडचं खालचं नाही. तिथं काळं आहे. तू बसलीयस त्या खुर्चीचा पाय दिसत नाही. माझा डावा हातही नाही."

"मग जिना जपून उतर," कुंदा म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

चारला वीज आली. सव्वाचारला, पाळी संपल्यावर, परागचा फोन आला. तोवर कुंदाने दोनदा "मी निघते" म्हटलं होतं आणि शैलजाने दोन्ही वेळा तिला बसवलं होतं. "तो काही विचारेल. मला कुठं ठाऊक आहे. तू पाहिलंयस."

पराग नेहमीच्या घाईत होता. मागे इंजिनाची धडधड. शैलजाने त्याला आधी खाली बसायला सांगितलं. मग अपग्रेडचं सांगितलं, चार भाग गेल्याचं सांगितलं. तो चिडला, मग घाबरला, मग पुढच्या बंदरावर उतरतो म्हणाला.

"तो विषय नंतर," ती म्हणाली. "दुसरं आहे. तुझ्या बाबांची चित्रीकरणं होती माझ्याकडे, आजारपणातली. बावीस. तीन वर्षं मी ती तुझ्यापासून लपवली. आज एकवीस पुसावी लागली. एक राहिलंय, शेवटचं. चांगलं नाहीय ते, पराग. बघायचं नसेल तर नको बघूस."

"लाव," पराग म्हणाला.

कुंदाने पेनड्राइव्हवरची फाइल उघडली आणि परागलाही दिसेल अशी जोडून दिली. सदानंद गॅलरीत उभे होते. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. ते कॅमेऱ्याकडे बघून डॉक्टरांना तारीख सांगत होते, मध्ये दम घेत. परागचा श्वास ऐकू येत होता. शैलजा पुढे सरकून बघत होती. पिवळे डोळे दिसत होते, पांढरी मिशी दिसत होती, डावा हात छातीवर होता. खाली डावीकडे काळं होतं. मान हलवून तिने ते काळं बाजूला सारायचा प्रयत्न केला, पण काळं सरकलं की सदानंदच नजरेतून निसटायचे.

"कुंदा," ती म्हणाली, "ह्यांचा उजवा हात कुठंय?"

कुंदा स्क्रीनजवळ गेली आणि नीट बघितलं.

"कठड्यावर," ती म्हणाली. "घट्ट धरलाय कठडा. बोटं सुजलीत, अंगठी मांसात रुतलीय. आणि हात थरथरतोय."

"फार?"

"हो," कुंदा म्हणाली. "फार."